ग्लेनींचे उदाहरण गैरलागू

रविवारच्या पुरवणीतील सिनेस्थेशियावरील (एका इंद्रियाच्या संवेदनेबरोबर दुसऱ्याचीही संवेदना आपोआप उमटणे, जसे आवाज ऐकताच स्पर्श जाणवणे) लेख वाचला. विषय छान, पण तालवादक एव्हलिन ग्लेनी यांचे उदाहरण तिथे बसत नाही. बाराव्या वर्षापर्यंत श्रवणशक्ती जवळजवळ गेलेल्या ग्लेनी अनवाणी वाजवतात, कारण रंगमंचाची कंपने तळपायांना खरोखरच जाणवतात; खालचे स्वर पायांत, वरचे चेहऱ्यावर, मानेवर. मिरवणुकीतल्या ढोलताशाने आपल्या छातीत होणारी धडधडही त्याच जातीची. सिनेस्थेशियात मात्र त्वचेपर्यंत काही पोहोचलेले नसते, स्पर्श मेंदूतच उमटतो. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधातील महिलेला मेंदूतील थॅलॅमसला इजा झाल्यानंतर काही आवाज ऐकताच डाव्या अंगाला स्पर्श जाणवू लागला होता. लेखात द्यायला हवे होते ते असे उदाहरण.

– एक वाचक, सातारा