माहूरचा तांबूल पानातच द्या

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

नारळी पौर्णिमेला आम्ही माहूरला परिक्रमेला गेलतो, दरवर्षीच जातो, पोरगं आणि म्हातारी आई सोबत होती. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयामाता असे तीन डोंगर, पाऊस पडून गेलेला, सागाचं रान हिरवंगार, पाय दुखत होते पण मन भरलं. पण खाली उतरताना पायऱ्यांच्या कडेला जे बघितलं ते दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहायलोय.

तांबलाच्या छोट्या छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या. शेकड्यानं. कुणी चाटून फेकल्या, कुणी अर्ध्या तशाच टाकल्या, लाल डाग पडलेल्या आणि माकडं त्या फाडून खायलेत प्लास्टिकसकट. पोरगं म्हणलं बाबा हे पोटात गेलं तर काय होईल, मला काही सांगता आलं नाही.

बाहेरगावच्या वाचकांना सांगतो, माहूरची आई नुसत्या मुखाच्या रूपात आहे, तांदळा म्हणतेत त्याला. त्या मुखात कुटलेल्या पानाचा विडा असतो आणि तोच तांबूल, प्रसाद म्हणून मिळतो. पान, सुपारी, कात, लवंग, विलायची, बडीशेप खलबत्त्यात घालून एकजीव होईस्तोर कुटायचं, मंग दात नसलेल्या माणसालाबी खाता येतं. माझ्या आईला आता एक दात नाही, तिला सगळ्यात जास्त ओढ त्या तांबलाचीच, पेढे नको म्हणती. इतका जिव्हाळ्याचा प्रसाद, तो प्लास्टिकात भरून का द्यायचा?

आई सांगती की तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा पळसाच्या पानात गुंडाळून दिलता, आणि घरी न्यायचा तर लोकं पितळेची डबी सोबतच आणायचे. माहूर-किनवटच्या रानात पळस काय कमी आहे का, फाल्गुनात सगळा डोंगर लाल होतो. पावसाळ्यात तर त्याची पानं तळहाताहून मोठी होतेत. त्या भागातल्या बायकांना द्रोण-पत्रावळी लावायचं कुणी शिकवायची गरज नाही. काडी टोचून पाच मिनिटात चार द्रोण होतेत. गोंड, कोलाम, बंजारा समाजाच्या बायका तिथं राबतेत, बचत गटाला हे काम दिलं तर नवरात्राच्या नऊ दिवसात त्यांच्या हातात चार पैसे येतील. वन विभागाला विचारून पानं तोडावी लागतील, झाडं ओरबाडून नको.

आपल्याकडं प्लास्टिक पिशव्यांची बंदी 2018 पासून आहे, त्यामुळं नवीन कायदा मागायचाच नाही. तांबूल विकणाऱ्या दुकानदारांवर नुसती दंडाची पावती फाडूनबी होणार नाही, त्यांच्या हातात द्रोण स्वस्तात यायला पाहिजे, नाहीतर तेबी काय करतील, गिऱ्हाईक पिशवी मागतंय आणि शेजारचा देतोय. दुकानदार आमचेच लोक आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तिथं बसतेत, त्यांना वाईट म्हणायचं नाही मला.

गडावर लिफ्ट आणि स्कायवॉकचं काम हाती घेतलंय, आईसारख्या गुडघेदुखीच्या माणसासाठी ते लवकर व्हावं असंच वाटतं. पण मंग गर्दी वाढणार, आणि आताच एवढ्या पिशव्या तर तेव्हा किती.

आणि भाविकांना हात जोडून सांगणं आहे, घरून एक स्टीलची डबी आणा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचा तांबूल त्यात दोन-तीन दिवस आरामात राहतो, आम्ही ह्या वेळी तसंच आणला. आईनं सगळ्या गल्लीत वाटला आणि डबी धुऊन देवघरात ठेवली, पुढच्या खेपेला.

घटस्थापना जवळ आली, संस्थान, नगरपंचायत आणि वन विभागानं त्याआधी एकदा बसून हे ठरवावं. तुमच्या पेपरात छापून आलं तर त्यांच्या नजरंला पडेल म्हणून लिहिलं. उदे गं अंबे उदे!

— एक भाविक, हदगाव, जि. नांदेड