रविवारची भिगवण फेरी: पक्ष्यांची रेखाटने

सर्व सभासदांना कळवण्यात येते की येत्या रविवारी सकाळी ६ वाजता भिगवणजवळच्या कुंभारगावच्या होडीघाटावर जमायचे आहे. विषय एकच: रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या हालचाली.

सोबत आणा: बिनरेघी वही, २बी पेन्सिली दोन, दुर्बीण. खोडरबर आणू नये, खोडेपर्यंत पक्षी वळलेला असतो.

एका पानावर पाच-सहा अर्धवट आकृत्या सुरू ठेवा. पक्षी तीच ढब पुन्हा घेतो, तेव्हा त्या आकृतीकडे परत या. आधी मान-पाठीची एक रेघ, मग पायांचे कोन. पिसे शेवटी, नाही जमली तरी चालेल. नेहमीची चूक पायांत होते: मागे वाकतो तो गुडघा नव्हे, घोटा. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. चरताना डोके उलटे असते, तेही डोळ्यांनी पाहूनच काढा. उडताना रोहित मान ताणतो, राखी बगळा आखडतो.

प्रत्येक आकृतीशेजारी वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा. नोंद नसेल तर ते नुसते चित्र. दिसले नाही ते अंदाजाने भरू नका, जागा कोरी सोडा. फोटोवरून रेखाटन चालणार नाही.

थवा माना उंचावून दूर सरकू लागला की होडी तिथेच थांबवायची. यात सवलत नाही.

नावे शुक्रवारपर्यंत गटावर कळवा.