काउंटरवरच्या एका वाक्याने पेशंट फोन करायचा थांबतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वजन कमी करायच्या सर्जरीबद्दल पेपरात नेहमी काहीतरी येतं, आधीचा फोटो, नंतरचा फोटो, किती किलो उतरले त्याचा आकडा. पण त्या सर्जरीच्या क्लिनिकमध्ये काउंटरवर, फोनवर, वजनकाट्यापाशी पेशंटशी कसं बोलतात यावर कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही, म्हणून मीच लिहायला बसले. माझी स्लीव्ह सर्जरी, म्हणजे पोटाचा मोठा भाग काढून ते लहान करायचं ऑपरेशन, होऊन दोन वर्षं होत आली. सर्जरी केल्याचा मला पश्चात्ताप नाही, उलट गुडघे आणि शुगर दोन्ही आटोक्यात आलं, आणि माझे सर्जन माणूस म्हणूनही चांगले आहेत. तरीसुद्धा हे लिहितेय, कारण तिथल्या बोलण्यामुळे माझ्या जिवावर बेतलं होतं.

आधी वजनकाट्याचं सांगते. काटा बाहेर पॅसेजमध्ये होता, वाट बघणाऱ्या लोकांच्या खुर्च्यांच्या अगदी समोर, म्हणजे जो कोणी काट्यावर चढेल त्याच्याकडे पंधरावीस जणांची नजर. एक मुलगी काट्याशी उभी राहून आकडा वाचायची आणि दुसरी लांब टेबलापाशी बसून फाईलवर लिहायची. मी चढले तर ती ओरडली, एकशे अठरा. तिकडून आवाज आला, एकशे किती, परत सांग. ती परत ओरडली आणि वर म्हणाली, अहो ताई हलू नका हो, काटा आधीच दमलाय. दोघी हसल्या. माझ्या मागे एक मुलगी होती, कॉलेजच्या वयाची असेल, आईबरोबर आलेली. तिने आईचा हात धरला, आपण नंतर येऊ म्हणाली आणि दोघी जिन्याने खाली गेल्या. त्यानंतर मी कितीतरी वेळा तिथे गेले पण ती मुलगी मला परत दिसली नाही. ती दुसरीकडे गेली असेल, बरी असेल, असं मी मनाला सांगते. पण इतक्या वर्षांनी धीर करून आलेली माणसं आम्ही, आणि दारातून परत पाठवायला एवढं वाक्य पुरतं.

बीपीचंही तेच. पट्टा दंडाला पुरेना, सारखा सुटायचा, तर तुमच्या हाताला काही बसतच नाही असं म्हणत तिथल्या मुलीने तो तसाच ओढून दाबून बांधला आणि आकडा आला १६०. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं, हे मला नंतर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी शेजारच्या ड्रॉवरमधून मोठा पट्टा काढला, मला पाच मिनिटं शांत बसवलं, परत बघितलं तर १३२. म्हणजे मोठा पट्टा तिथेच होता, फक्त तो काढायचे कष्ट कुणी घेतले नव्हते आणि दोष मात्र माझ्या दंडाचा ठरला. लहान गोष्ट वाटेल, पण तोच चुकीचा आकडा धरून कुणाला बीपीची गोळी चालू झाली तर?

सर्जरी ठरेपर्यंत मात्र बोलण्यात किती गोडवा असतो. मॅडम पाणी घ्या, मॅडम काही शंका असतील तर रात्रीही फोन करा, आम्ही आहोत ना. पैसे भरले, ऑपरेशन झालं, टाके निघाले, की तोच आवाज बदलतो. मग आपण मॅडम राहत नाही, फॉलोअपवाले होतो. एकदा तर मी कानाने ऐकलंय, आतून कुणीतरी विचारलं बाहेर कोण बसलंय आणि उत्तर आलं, तो एकशे चाळीसवाला. त्या माणसाचं नाव फाईलवर ठळक लिहिलेलं होतं. तो माझ्या शेजारीच बसला होता आणि त्यानेही ते ऐकलं, काही बोलला नाही, मोबाईलमध्ये बघत बसला.

आता मुख्य गोष्ट. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात मला उलट्या सुरू झाल्या. स्लीव्हमध्ये पोटाचा जवळजवळ तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त भाग काढून टाकतात, उरते ती केळ्याएवढी नळी, त्यामुळे घाईने प्यायलं तर उलटी होऊ शकते हे मला माहीत होतं. पण हे तसं नव्हतं, दोन घोट पाणीसुद्धा थांबेना, दिवसातून सहा-सात वेळा उलटी. फोन केला. कोऑर्डिनेटर म्हणाली, सांगितलंय ना हळू प्या म्हणून, काहीतरी खाल्लं असेल तुम्ही, खरं सांगा. मी म्हटलं नाही हो, पाणीच राहत नाहीये, डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलता येईल का. ती म्हणाली, डॉक्टर ओटीमध्ये आहेत, आणि तोंडावर ताबा असता तर ऑपरेशनची वेळ आली असती का, थोडं सहन करा. आणि फोन ठेवला.

यानंतर काय झालं ते मला वाचकांनी नीट समजून घ्यावं असं वाटतं, कारण सगळं दुखणं इथेच आहे. मी परत फोन केला नाही. चार दिवस. मी शिकलेली आहे, नोकरी करते, ऑफिसात दहा लोकांशी भांडून कामं करून घेते, पण त्या एका वाक्याने माझी बोलतीच बंद झाली. मला वाटलं खरंच माझंच चुकत असेल, लहानपणापासून हेच ऐकत आलेय, खाण्यावर ताबा नाही, आळस आहे, मनावर घेत नाही. घरातले म्हणत होते फोन लाव, मी म्हणत होते उद्या बघू. पाचव्या दिवशी उठून बाथरूमकडे जाताना तोल गेला, भिंत धरून उभी राहिले, समोरचं दार दोन दोन दिसत होतं. माझ्या बहिणीने मला तशीच उचलून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, किती दिवस उलट्या होतायत आणि व्हिटॅमिनची गोळी पोटात राहतेय का. मग सलाईन लावायच्या आधीच त्यांनी बी-१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन दिलं. नंतर त्यांनी समजावलं की बी-१ चा साठा शरीरात दोन-तीन आठवडेच पुरतो, खाणं कमी आणि वर सतत उलट्या असं झालं की तो संपतो, मग डोळे, तोल आणि मेंदूवर परिणाम होतो, उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आणि अशा पेशंटला आधी नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर आणखी बिघडू शकतं, म्हणून इंजेक्शन आधी. दोन दिवसांनी दुर्बिणीतून तपासलं तेव्हा कळलं की पोटाच्या नळीला वळणापाशी आवळण आलं होतं, पाणी पुढे जायला वाटच नव्हती. दुर्बिणीतूनच फुगा घालून ती जागा मोठी केली, दोनदा करावं लागलं, आणि मी बरी झाले. मी काहीही खाल्लं नव्हतं.

हे मी माझ्या सर्जनना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, मला कुणी सांगितलंच नाही, उलट्या म्हटल्यावर मी त्याच दिवशी बोलावलं असतं. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण पेशंटचा फोन डॉक्टरांपर्यंत जातो कुणाच्या हातून? काउंटरवरून. मग काउंटर हा उपचाराचाच भाग झाला की. ऑपरेशनची टाके मारणारी मशीन उत्तम आहे आणि फोन उचलणारी व्यक्ती पेशंटवर खेकसतेय, असं चालायचं कसं?

तोंडावर ताबा नाही म्हणून लठ्ठपणा येतो, हे निदान या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी तरी म्हणू नये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ सालीच लठ्ठपणाला आजार म्हटलंय. वजन उतरायला लागलं की शरीर भूक वाढवतं, ऊर्जेचा खर्च कमी करतं, गेलेलं वजन परत मिळवायला बघतं, म्हणून नुसत्या डाएटवर टिकत नाही. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः पोटाच्या ज्या वरच्या भागात तयार होतं तोच भाग स्लीव्हमध्ये काढला जातो, आणि म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की थोडं खाऊन पोट भरल्यासारखं वाटणं म्हणजे काय असतं, बाकीच्या लोकांना हे रोजच वाटत असेल. त्या दिवशी मी रडले होते. मार्च २०२० मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन नेचर मेडिसिन या मासिकात लठ्ठपणाच्या हेटाळणीविरुद्ध निवेदन काढलं, त्यात दवाखान्यात होणाऱ्या अपमानाबद्दलही आहे. ते निवेदन काउंटरवरच्या मुलींना कुणी वाचून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

आणि हे एका ऑपरेशनपुरतं नसतं. टाके निघाले की संपलं असं इथे होत नाही, जन्मभर जोडलेलं राहावं लागतं. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन आयुष्यभर घ्यायचं, पहिल्या वर्षात तीन-सहा-बारा महिन्यांनी रक्त तपासायचं आणि पुढे दरवर्षी. तिसऱ्या महिन्यापासून केस मुठीमुठीने गळतात, बहुतेकांचे परत येतात, पण ते सांगायलाही कुणीतरी धड बोलणारं लागतं. मी रडवेली होऊन विचारलं तर उत्तर मिळालं, सगळ्यांचेच जातात. वेटिंगमध्ये भेटलेल्या एक बाई आहेत, त्यांची पोटाची बायपास झालीय, म्हणजे पोट लहान करून आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळायची सर्जरी. चार वर्षांनी वजन थोडं परत वाढलं आणि तेव्हापासून त्यांनी यायचंच सोडलं होतं, का विचारलं तर म्हणाल्या, काट्यावर चढले की सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागणार, त्यापेक्षा नको. चक्कर येऊन पडल्या तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सात. बायपासनंतर लोह नीट शोषलं जात नाही हे त्यांना माहीत होतं, गोळ्याही माहीत होत्या. पाय मात्र तिकडे वळत नव्हता.

सगळेच तसे असतात असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. तिथेच एक सिस्टर होत्या, वयाने मोठ्या. त्यांची ड्युटी असली की त्या काटा ओढून पडद्याच्या आत न्यायच्या आणि हळूच सांगायच्या, तुम्हाला आकडा बघायचा नसेल तर पाठ करून उभ्या राहा, मी लिहून घेते. एवढंच. पाठ करून काट्यावर उभं राहता येतं हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. डिस्चार्जच्या दिवशी त्यांनीच एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं की नाडी १२० च्या वर गेली, ताप आला, पोटात किंवा डाव्या खांद्यात जोरात दुखलं, धाप लागली, पोटरी सुजून दुखायला लागली तर वाट बघायची नाही, लगेच यायचं. टाक्यातून गळती किंवा रक्ताची गुठळी याची ती लक्षणं असतात. त्या कागदावर उलट्यांचं नव्हतं, आणि नेमकं मला तेच झालं. पण कागद त्यांनी मनाने दिला होता, क्लिनिकच्या नियमात तो नव्हताच.

काउंटरवरच्या मुलींची बाजूही मी बघितलीय. दोघीजणी, तीन फोन, बिलं, इन्शुरन्सचे कागद, समोर चिडलेली माणसं, आणि या आजाराबद्दल त्यांना कुणी अर्धा तास बसून शिकवलेलं नाही. त्यांना काढून टाका असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं त्यांच्या डॉक्टरांशी आहे. उलटी, ताप, धडधड, दुखणं यातला एक शब्द जरी फोनवर आला तरी तो फोन त्याच तासात डॉक्टर किंवा नर्सकडे गेलाच पाहिजे, त्यावर काउंटरने मत द्यायचं नाही, एवढा नियम करायला किती वेळ लागतो? काटा खोलीच्या आत न्यायला, बिनहाताच्या दोन मजबूत खुर्च्या ठेवायला, मोठा पट्टा टेबलावर ठेवायला किती खर्च येतो? आणि महिन्यातून एकदा डॉक्टरांनी स्वतःच्याच क्लिनिकला पेशंट म्हणून दुसऱ्या नंबरवरून फोन करून बघावा, काय ऐकू येतं ते.

ज्यांची सर्जरी व्हायचीय त्यांना एवढंच सांगते की जागा निवडताना डॉक्टरांच्या डिग्रीबरोबर हेही विचारा, रात्री दोन वाजता उलटी थांबली नाही तर फोन कोण उचलणार. आणि कुणी कितीही टाकून बोललं तरी दुसरा फोन करा, तिसरा करा, नाहीतर सरळ कॅज्युअल्टीत जाऊन उभे राहा. मी चार दिवस गप्प बसले ते तुम्ही बसू नका.

पंधरा दिवसांनी माझी दोन वर्षांची तपासणी आहे. गेल्या वेळी मी सगळं लिहून पत्र काउंटरवर ठेवून आले होते, ते डॉक्टरांपर्यंत पोचलंच नाही, म्हणून या पत्राची प्रत मी घेऊन जाणार आहे आणि त्यांच्या हातातच देणार आहे.

आपली,
एक पेशंट
(कृपया नाव छापू नये)