चुकतो म्हणून तरतो

महोदय,

एचआयव्ही ‘हुशारीने रूप पालटतो’ असे वाक्य बातम्यांत नेहमी दिसते. विषाणूला कसली हुशारी? तो नक्कल करणारा आहे, तोही धांदरट. त्याचा आरएनए सुमारे ९,७०० अक्षरांचा. त्यावरून डीएनए उतरवणाऱ्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराला (एन्झाइमला) चुका तपासण्याची सोयच नाही. साधारण तीन प्रतींमागे एक चूक राहते. उपचार नसलेल्या शरीरात रोज अब्जावधी विषाणू तयार होतात. बहुतेक बदल निरुपयोगी ठरतात, एखादा नेमका लागू पडतो.

उदाहरणार्थ, एचएलए ही प्रथिने पेशीच्या आतले तुकडे पृष्ठभागावरच्या खाचेत मांडून दाखवतात. त्यांचा बी२७ हा प्रकार असलेल्यांत मारक टी-पेशी विषाणूचा गाभा घडवणाऱ्या गॅग प्रथिनाचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा ओळखतात. २६४व्या जागी आर्जिनिनऐवजी लायसिन आले की तो तुकडा एचएलएच्या खाचेत धड बसत नाही आणि बाधित पेशी नजरेआड होते. पण हा बदल विषाणूच्या गाभ्याला जड जातो. १७३व्या जागी दुरुस्तीचा बदल झाला तरच वाढ पुन्हा जोम धरते. म्हणून ही पळवाट सापडायला बहुधा वर्षे लागतात.

प्रतिपिंडांचे तर वरातीमागून घोडे. ती तयार होईपर्यंत विषाणूच्या आवरणावरील जीपी१२० प्रथिनावरच्या साखरसाखळ्या जागा बदलून बसलेल्या असतात.

औषधांचेही तेच. एकट्या लॅमिव्हुडिनला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजमधला १८४व्या जागचा एक बदल काही आठवड्यांत बोथट करतो. म्हणून टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम एकाच गोळीत असतात. ती अधूनमधून चुकवली की रक्तात औषध अपुरे आणि विषाणूची वाढ चालू. प्रतिरोधी प्रकाराला नेमके हेच हवे असते.

– विषाणुशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे