आईच्या खुर्चीत सबवूफर बसवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही "अहो, आभार कसले" म्हणून विषय संपवलात, पण माझं काही समाधान झालं नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तुमच्याआधी जे येऊन गेले, त्यांचंही नाव न घेता कौतुक करतो. दुकानाच्या माणसाने सबवूफर (बेस, म्हणजे खालचे घुमणारे स्वर काढणारा स्पीकरचा खोका) टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात सरकवला, मागचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं, एक मारामारीचा सीन लावला आणि कपाटातल्या बश्या खणखणल्यावर "बघा साहेब, पैसा वसूल" म्हणत सही घेऊन गेला. तक्रार केली तर दुसरा आला. तो सोफ्यावर ऐसपैस बसला, "इथे बेस कमीच येतोय" म्हणाला आणि रिमोटवरून होता तो आणखी वाढवून गेला! आई समोर भिंतीलगतच्या खुर्चीत बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही. मालिका लागली की ती थोड्या वेळाने उठून आत जायची. विचारलं तर म्हणायची, झोप येतेय.

तुम्ही नाटकाचा साउंड बघणारे, तालमीतून थेट आलात. वॅट किती, कंपनी कुठली, यातलं काही नाही. चपला काढता काढता विचारलंत, "रोज इथे कोण कुठे बसतं?" आई म्हणाली, "माझं काय, मी आपली भिंतीपाशी." आणि तुम्ही तो धोंड्यासारखा खोका उचलून तिच्याच खुर्चीत ठेवलात. तिने घाईघाईने आपली उशी ओढून घेतली. मग खोका तिच्या जागी वाजत असताना कुठे आवाज नीट येतो, म्हणजे तो कुठे ठेवायचा, हे शोधत तुम्ही गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीशी नेत हॉलभर फिरत होतात आणि आई तोंडाला पदर लावून हसत होती.

कारण तुम्ही सांगितलंत तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आमचा हॉल 14 फुटी. 40 हर्ट्झची, म्हणजे अगदी खालच्या स्वराची, लाट साधारण साडेआठ मीटरची, म्हणजे अर्धी लाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेमकी मावते. दोन्ही भिंतींपाशी ती फुगते आणि मधोमध, आमच्या सोफ्यावर, जवळपास गायब होते. सोफ्यावरचा माणूस बेस वाढवत राहणार आणि तो सगळा आईच्या कानात घुमणार. त्यात माणसांचे शब्द कुठले कळायला! रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारी पेटी) बिचारा सबला, म्हणजे सबवूफरला, उणे 12 डेसिबलपर्यंत खाली आणून हात टेकून बसला होता, तेही आधीच्या दोघांनी बघितलं नव्हतं.

पुढची खटपट तुमची तुम्हाला ठाऊक. सब लांब भिंतीच्या मध्यावर गेला, सोफा जरा मागे सरकला, 80 हर्ट्झच्या खालचं सबकडे आणि वरचं बाकीच्या स्पीकरकडे अशी वाटणी झाली. आवाज मोजायचा मीटर 'सी' सेटिंगवर ठेवून 75 डेसिबल जुळवलेत ('ए' वर ठेवला तर तो खालचे स्वर जमेतच धरत नाही म्हणे). पण मीटर धरलात तो आईच्या कानाच्या उंचीवर. आकडा जुळल्यावरही आवराआवर केली नाहीत. बातम्या लावल्यात, तिच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसलात आणि म्हणालात, "आई, शब्द कळतायत का? नसतील तर सांगा, मला घाई नाही."

दादा, हे "घाई नाही" तिला बऱ्याच दिवसांत कोणी म्हटलं नव्हतं. डॉक्टर नाही, बँकेतला माणूस नाही, खरं सांगायचं तर घरातलेही नाहीत. ती म्हणाली, "कळतायत, पण ती बाई फार भरभर बोलते." तुम्ही दोघं हसलात. मी उगाच चहा बघायला आत गेलो.

हाताला कसब असलेली माणसं या शहरात पुष्कळ आहेत. ज्याच्यासाठी काम करायचं त्याच्या खुर्चीपर्यंत जाणारी फार थोडी भेटतात. नाटकात शेवटच्या रांगेला शब्द पोचतो की नाही हे बघायची तुमची सवय असेल, किंवा तुमच्या घरचं वळण असेल. कोणी लावलं असेल त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

आई आता मालिका संपेपर्यंत हलत नाही, शिवाय वर तिच्यावर टीकाही करते. तिचा एक निरोप आहे. मावशीकडेही कोणीतरी असाच खोका कोपऱ्यात बसवून गेलंय. दौऱ्यावरून आलात की तिकडे कधी जमेल ते कळवा, ती स्वतः बरोबर येणार आहे.