प्लग काढला होता हो साहेब!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला पावसाळ्यात वायफाय कसं सांभाळायचं तो लेख वाचला. दोनदा वाचला. रात्रभर डोक्यात घोळत राहिला म्हणून सकाळी चहाच्या आधी हे टाइप करायला बसलोय, चुका सांभाळून घ्या, मराठी कीबोर्ड नातवाने टाकून दिलाय आणि ळ सापडायला वेळ लागतो.

काय तर म्हणे गडगडाट सुरू झाला की प्लग काढा आणि चांगला स्पाइक गार्ड (जादा व्होल्टेज अडवणारा एक्स्टेन्शन बोर्ड) घ्या. झालं, संपला विषय. वर फोटो दोन चपट्या पिनांच्या प्लगचा! हा प्लग मुंबईत कुठल्या बोर्डात जातो ते लेखकमहाशयांनी येऊन दाखवावं, चहा माझ्याकडून.

अहो, मी प्लग काढलाच होता. गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात संध्याकाळी आभाळ भरून आलं, हिने दोरीवरचे कपडे आत घेतले आणि मी राउटरचा अडॅप्टर बोर्डातून उपसून बाजूला ठेवला, कॉम्प्युटरचं बोर्डावरचं बटण बंद केलं. दहाएक मिनिटांत असा काही कडाड आवाज झाला की खाली उभ्या गाड्यांचे सगळे अलार्म एकदम बोंबलायला लागले. पाऊस ओसरल्यावर प्लग लावला तर राउटर गेलेला, एक लाइट नाही. कॉम्प्युटर चालू झाला पण त्याचा लॅन पोर्ट (नेटची वायर लावायचं भोक) मेला. राउटर उघडला तर लॅनच्या भोकामागची ती छोटी काळी डबी फुटलेली आणि तिच्याभोवती बोर्डावर काजळी. अडॅप्टरला मीटर लावला, बरोब्बर 12 व्होल्ट, ठणठणीत! म्हणजे वीज प्लगातून आलीच नव्हती. मग आली कुठून?

आली गच्चीवरून. सोसायटीने कॅमेरे बसवले तेव्हा नेट माझ्या घरातून घेतलं, कारण मी वरच्या मजल्यावर आणि सेक्रेटरी म्हणाले, काका तुमचं तसंही अनलिमिटेडच आहे ना. कॅमेरावाल्याने ए विंगपासून आमच्या सी विंगपर्यंत गच्चीवरून तांब्याची लॅन केबल ओढली आणि तिथून एक वायर माझ्या खिडकीतून राउटरला. दुसऱ्या दिवशी वर जाऊन बघतो तर केबल पाण्याच्या टाकीजवळून खाली आणताना पठ्ठ्याने ती लाइटनिंग अरेस्टरच्या पट्टीलाच प्लास्टिकच्या टायने बांधलेली. ओळीने सात टाय, मोजलेत मी. ज्या पट्टीतून आकाशातली वीज जमिनीत जाणार तिलाच कॅमेऱ्याची केबल! विचारलं तर म्हणतो, काका रेडी सपोर्ट होता.

बरं, केबलवर सर्ज प्रोटेक्टरची, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारी, डबीही लावलेली होती, बिलात पैसे घेतलेत. तिची जमिनीला जोडायची हिरवी अर्थ वायर मात्र गोल गुंडाळून टेपने डबीलाच चिकटवलेली. अर्थ न दिलेला प्रोटेक्टर म्हणजे तळ नसलेली बादली.

आता कुणी म्हणेल राउटरचा प्लगच काढला होता तर करंट गेला कुठे. राउटरमधून दुसऱ्या लॅन वायरने कॉम्प्युटरमध्ये गेला आणि तिथून तीन पिनी प्लगच्या अर्थमधून खाली. बटण बंद केलं की फक्त फेज (वीज आणणारी वायर) तुटतो, अर्थची पिन जोडलेलीच राहते. लॅन पोर्टातला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ती फुटलेली काळी डबी, साधारण 1500 व्होल्ट अडवतो, वीज जवळ पडली की गच्चीवरच्या लांब वायरीत त्याच्या कितीतरी पट येतं, त्यासाठी ती वायरवरच पडायला लागत नाही. शिवाय ए विंगचा अर्थ पिट (अर्थची वायर जमिनीत पुरायचा खड्डा) वेगळा, सीचा वेगळा, दोघांना जोडणारं काही नाही, मग त्या क्षणी दोन्हीकडची जमीनसुद्धा व्होल्टेजच्या एका पातळीवर नसते आणि मधला फरक बिचारी ती लॅन केबल भरून काढते. दोन इमारतींमध्ये तांबं ओढायचंच नाही, फायबर टाकायचं, तेही आत स्टीलची तार नसलेलं, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं लॅन करून देणारी डबी). आणि घरात गडगडाटाला प्लगाबरोबर बाहेरून आलेली लॅनची पिनही काढायची. एवढं एक वाक्य तुमच्या अर्ध्या पानात बसलं नसतं का?

मी टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर (जमिनीखालच्या टेलिफोन केबली जोडणारा) होतो, 1986 ला एमटीएनएल झालं त्याच्या आधीपासून. बाहेरून येणारी प्रत्येक पेअर (फोनच्या दोन वायरींची जोडी) एक्स्चेंजमध्ये आधी एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या वायरी जोडायच्या मोठ्या चौकटीवर यायची, तिथे तिला जीडी ट्यूब (जादा व्होल्टेज जमिनीत सोडणारी नळी), मगच आत. अर्थ पिटला उन्हाळ्यात पाणी घालायचं, रीडिंग घेऊन रजिस्टरमध्ये लिहायचं, नाही लिहिलं तर साहेब सगळ्यांसमोर झाडायचे. आमच्या सोसायटीचा पिट कुठे आहे ते विचारा. सुशोभीकरणात पेव्हर ब्लॉक बसवले, त्याखाली गाडला गेला. माझ्या अंदाजाने तो चेअरमनसाहेबांच्या गाडीखाली आहे, पण गाडी हलवायला कोण सांगणार.

आणि स्पाइक गार्डबद्दल. अर्थ नसला तर त्याचं फेज आणि न्यूट्रल (परतीची वायर) यांच्यामधलं काम थोडंफार होतं, अर्थच्या बाजूचं काहीच होत नाही. जुन्या चाळीत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, वर गार्डावर हिरवा दिवा लागतो आणि माणूस निर्धास्त. आणि मीटर रूममध्ये न्यूट्रल सुटला तर 230 व्होल्टच्या जागी 400 च्या जवळपास येतं आणि येतच राहतं, तेव्हा तो गार्ड स्वतःच धूर काढतो. हे लेखात नाही. राउटरला उशीखाली ठेवू नका हे आहे. कोण ठेवतं हो?

राउटर आणि मदरबोर्ड मिळून माझे 11 हजार गेले. कमिटी म्हणते दैवी आपत्ती. सात टाय काय देवाने बांधले?

जाता जाता, शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर सोमवारी छापायचं तुम्ही पुन्हा विसरलात, आडवा 14 अजून अडलाय. आणि मागचं पत्र छापताना शेवटची ओळ कापलीत, या वेळी कापू नका, कारण ती कमिटीने वाचायची आहे: येत्या रविवारी कॅमेरावाला नवीन केबल घेऊन येतोय, परत तांब्याचीच, आणि गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त जॉइंटर, मुलुंड (पूर्व)