सूचना : वेलींची छाटणी आता उरकून घ्या

सर्व बागप्रेमी सभासदांना नमस्कार,

पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन होऊन गेलं, पहाटेची थंडीही ओसरू लागली. छाटणीचे हेच दिवस. मार्चचं ऊन तापल्यावर कात्री हातात घेऊ नका.

मोगरा, जाई, जुई यांना नव्या फुटव्यांवर कळ्या येतात, त्यामुळे जीव कासावीस न करता छाटा. मोगऱ्याचं पाणी आठ-दहा दिवस कमी करा, मग झाड छाटून साधारण निम्म्यावर आणा, उरलेली पानं खुडा, माती हलवून शेणखत घाला आणि पाणी पुन्हा सुरू करा. दरवर्षी कुणीतरी नुसते शेंडे खुडतं आणि एप्रिलमध्ये ग्रुपवर विचारतं, 'फुलं का नाहीत?' मधुमालतीही बेलाशक कापा.

संक्रांतवेलीचं मात्र वेगळं. तिचा केशरी बहर पूर्ण संपू द्या, मगच छाटा. बोगनवेल रंगात असेल तर तिला हात लावू नका, फक्त वाळक्या फांद्या काढा.

काप डोळ्याच्या (फांदीवर जिथून नवा फुटवा येतो त्या जागेच्या) जरा वर, तिरका घ्या. कात्री आधी स्पिरिटने पुसा. एका झाडाचा रोग दुसऱ्याला आपणच नेतो. दाट वेलीत आधी डोकावून बघा, शिंजीर पक्षी याच सुमारास घरटं बांधायला लागतो. घरटं दिसलं तर तेवढा भाग सोडा.

पाला जाळू नये. कुंड्यांवर आच्छादन म्हणून पसरा, उरलेला कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.

गटाची लांब दांड्याची कात्री नेलेल्यांनी कृपया परत आणावी. गेल्या वर्षीपासून ती कुणाकडे तरी आहे.